परातीतलं ऊन

नलूताई कुणाच्याही घरात शिरल्या की आधी माणसांकडे बघायच्या नाहीत, खिडकीकडे बघायच्या. खिडकीत काय काय कोंबलंय, पडदा किती जाड आहे, काच शेवटची कधी पुसली होती, हे सगळं दारात चपला काढता काढता त्यांचं बघून व्हायचं. मग म्हणायच्या, "हं, काय म्हणताय?" तोवर घरातल्या बाईचा जीव अर्धा झालेला असायचा.

मला पहिल्यांदा भेटल्या त्याही अशाच. मी लग्न होऊन मुलुंड पूर्वेला आले त्याला आठवडासुद्धा झाला नसेल. घरोघरी रंगीत टीव्ही यायला लागले होते, त्या दिवसांतली ही गोष्ट. आमची बिल्डिंग तळमजला अधिक दोन. आम्ही पहिल्या मजल्यावर, आणि बरोबर आमच्या खाली नलूताई आणि त्यांच्या आई. आईंना सगळी बिल्डिंग माई म्हणायची. नवी सून बघायला म्हणून नलूताई वर आल्या, मी पदर सावरून वाकून नमस्कार केला, आणि आशीर्वाद राहिला बाजूला, बाईंनी खिडकीपुढच्या लोखंडी कपाटाकडे बोट दाखवून सासूबाईंना विचारलं, "हे इथं कुणी ठेवलं?"

कपाट माझ्या माहेरचं. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. सासूबाई म्हणाल्या, दुसरीकडे जागाच नाही. नलूताई म्हणाल्या, जागा आहे, मन नाही. आणि माझ्या नवऱ्याला हाक मारून, स्वतः पदर खोचून, त्यांनी ते धूड दाराआडच्या भिंतीला नेऊन लावलं. खोलीत भसकन ऊन आलं. त्या उन्हात भिंतीवरचे तेलाचे डागही लख्ख दिसायला लागले, त्यामुळे सासूबाई दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. मी मात्र त्या क्षणापासून त्यांच्या पक्षात गेले ती गेलेच.

त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या, ट्रंक कॉलच्या बोर्डावर. उंच, काटकुळ्या, मनगटाच्या आतल्या बाजूला पुरुषी घड्याळ, आणि आवाज असा स्वच्छ की जिन्यात बोलल्या तरी दुसऱ्या मजल्यावर शब्दन् शब्द कळायचा. लग्न केलं नव्हतं. का, ते कुणी विचारलं तर म्हणायच्या, लाइन मिळाली नाही. बस्स, विषय संपला. कुणी रडगाणं लांबवायला लागलं की घड्याळाकडे बघून विचारायच्या, "तीन मिनिटं झाली. वाढवायची का?" ट्रंक कॉल तेव्हा तीन-तीन मिनिटांचा असायचा. आमच्या बिल्डिंगमधली निम्मी भांडणं त्या एका वाक्यानं मिटली असतील.

आणि उजेड. उजेडाचं त्यांना वेड होतं, असंच आम्ही सगळे म्हणायचो. दिवेलागणीच्या आधी त्यांच्या घरात बटण दाबायची कुणाची टाप नव्हती. भिंतींना चुना, त्यात निळीची पूड, तीही अशी बेतानं की भिंत निळी दिसू नये, नुसती उजळ दिसावी. स्टीलची ताटं फळीवर खिडकीकडे तोंड करून उभी. स्वयंपाकघर आणि मधली खोली यांच्यामधलं दार तर बिजागरीतून काढूनच टाकलेलं. म्हणायच्या, "बंद दार म्हणजे एंगेज लाइन. उजेड बिचारा किती वेळ ताटकळत उभा राहील?"

त्यांचं घर आगगाडीच्या डब्यासारखं सरळ रेषेत होतं. पूर्वेला पुढची खोली, मग मधली, मग पश्चिमेला स्वयंपाकघर. माईंना पक्षाघात झालेला, त्या कायमच्या पाठीवर. मोरी जवळ पडते म्हणून त्यांची खाट मधल्या खोलीत. त्या खोलीला खिडकी नाही. पण तेव्हा पूर्वेला एक जुना बंगला होता, त्याच्यापुढे मिठागरं, आणि मिठागरांवरून सूर्य वर आला की ऊन पुढच्या खोलीतून थेट माईंच्या पायांवर यायचं. ते गुडघ्यांपर्यंत आलं की माई हाक मारायच्या, "नले, उजाडलं का गं?" नलूताई आतून म्हणायच्या, "उजाडलं, आई." मग चहा. रोज. आम्हाला वर ते दोन आवाज ऐकू आले की आमचाही दिवस सुरू व्हायचा.

मग बंगला विकला गेला आणि तिथे बिल्डिंग उठायला लागली. एकेक स्लॅब पडत गेला तसं ऊन माईंच्या गुडघ्यांवरून पायांवर, पायांवरून उंबऱ्यावर, असं मागे मागे गेलं. शेवटी नव्या बिल्डिंगची भिंत पुढच्या खिडकीपासून हातभरावर येऊन उभी राहिली, आणि त्या घरात भर सकाळी दिवेलागण झाली. पुढच्या खोलीत खाट हलवूनही उपयोग नव्हता, तिथे उलट जास्तच अंधार, आणि स्वयंपाकघरात खाट मावायची नाही.

त्यानंतर माईंचं बिनसलं. दिवस कुठला, रात्र कुठली, याचा त्यांना पत्ता लागेना. दिवसभर झोपून राहायच्या आणि रात्री सगळी बिल्डिंग झोपली की हाका मारायच्या, "नले, उजाडलं का गं?" नाही, आई. थोड्या वेळानं परत. नाही, आई. नलूताईंनी ट्यूबलाइट लावून बघितली. माई म्हणायच्या, बत्ती घालव, बिल येईल. त्या बाईला बत्ती आणि सकाळ यातला फरक कळत होता हो. नुसती सकाळ तिला कुणी दाखवत नव्हतं. पुढे पुढे त्या माणसंही विसरायला लागल्या. माझ्या सासूबाई दुपारी नलूताईंच्या ड्यूटीच्या वेळेत त्यांच्यापाशी बसायच्या, त्यांनाच एकदा विचारलं, तुम्ही कोण?

डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या. नलूताईंनी त्या परत नेऊन दिल्या. म्हणाल्या, झोपवूनच ठेवायची तर मग रोज उठवायची कशाला? त्यांचे मोठे भाऊ, अण्णा, नाशिकला असत. ते पावसाळ्यात येऊन बघून गेले. माणूस वाईट नव्हता. नलूताईंच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं बघून त्यांच्याच डोळ्यांत पाणी आलं होतं. म्हणाले, नले, असं चालू राहिलं तर तू आधी जाशील. दिवाळीला येतो. तोवर तिच्यात फरक पडला नाही तर तिला नाशिकला घेऊन जातो, बाई ठेवतो, गोळ्या देतो. माईंनी हे ऐकलं की नाही कोण जाणे. पण त्यांनी नलूताईंचं मनगट जे धरलं ते अण्णा जाईपर्यंत सोडलं नाही.

झालं. दिवाळीपर्यंत माईंना सकाळ परत मिळवून द्यायची, एवढंच नलूताईंच्या डोक्यात राहिलं. दुसऱ्या कुणी भजनं लावली असती, अंगारा आणला असता. ह्या बाई स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी गाल टेकून बसल्या आणि बाहेर बघत राहिल्या. मी विचारलं, काय बघताय? म्हणाल्या, "ऊन कुठून दिसतंय ते बघते. जिथून दिसतंय तिथून लाइन मागायची."

पश्चिमेला, आमच्या कंपाउंडच्या पलीकडे, एक जुनी चार मजली बिल्डिंग होती. सकाळी दहाच्या सुमारास सूर्य नव्या बिल्डिंगच्या डोक्यावर चढला की आमच्या गच्चीवरून ऊन जायचं ते थेट त्या समोरच्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत. गॅलरी तावड्यांची. "आपलं ऊन आपल्या डोक्यावरून तावड्यांकडे जातंय, मीना. त्यांनी ते नुसतं खाली वळवून दिलं की झालं. मधल्या एक्स्चेंजनं लाइन दिली नाही तर पुढे कॉल जाणार कसा?" मी तोंडावर हो हो म्हटलं. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, नलूताईंची झोप फार झाली रे कमी.

तावडे मालवणकडचे. सगळं कुटुंब गणपतीला गावी गेलेलं, रजा संपली म्हणून तावडेभाऊ तेवढे एकटे परत आले होते. नलूताई त्यांच्याकडे गेल्या. भाऊ म्हणजे देवमाणूस, कशालाही नाही म्हणायचे नाहीत. समोरच्या बाई गॅलरीत आरसा बांधू का विचारतायत, तर बांधा की, म्हणाले, आणि आंघोळीला गेले. नलूताईंनी स्वतःच्या कपाटाच्या दाराचा आरसा काढला, घरातला तेवढा एकच मोठा आरसा होता, आणि तो सुतळीनं तावड्यांच्या कठड्याला बांधला, जरा खाली झुकवून. त्या दिवसापासून नलूताईंची टिकली कायम वाकडी असायची. डब्याच्या झाकणात बघून लावायच्या ना.

आणि मग तावडेकाकू गावाहून आल्या.

आता हे सांगायला हवं की त्याच आठवड्यात काकूंच्या मुलीचं जमत आलेलं लग्न मोडलं होतं. बाई आधीच पेटलेली. घरात पाऊल टाकते तो गॅलरीत परक्या घरचा आरसा, तोंड बाहेर करून टांगलेला. भाऊ कामावर. विचारायचं कुणाला? आणि मालवणी माणसाला अशा वेळी विचारावं लागतच नाही. करणी. दुसरं काय असणार? काकूंनी आरसा सोडला, काळ्या फडक्यात गुंडाळला, नारळ घेतला आणि आमच्या कंपाउंडमध्ये येऊन नलूताईंच्या दारासमोर उभ्या राहिल्या. वर-खाली सगळ्या खिडक्या भरल्या. काकूंनी डोळे मिटून, खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या परक्या जमिनीर उभी रवान तुका गाऱ्हाणा घालतंय म्हाराजा. जर कोणी माझ्या घराकडे वाकड्या नजरेन बघीत असात, माझ्या चेडवाच्या वाटेत काय आडवा घातला असात, तर ता तेचा तेकाच लखलाभ कर रे म्हाराजा."

गाऱ्हाण्याची रीत अशी, की एकानं मागायचं आणि भोवतालच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. त्याशिवाय ते देवापर्यंत पोचत नाही. पण आमच्या बिल्डिंगमध्ये ते कुणाला ठाऊक? सगळे चिडीचूप. काकू थांबल्या. डोळे उघडून बघतात तर समोर नलूताई, दारात उभ्या, हात जोडलेले, आणि त्यांनी त्यांच्या त्या ट्रंकच्या आवाजात ठणठणीत म्हटलं, "व्हय म्हाराजा."

जिच्यावर गाऱ्हाणं घातलं तीच हुंकार देते म्हटल्यावर काकूंनी करायचं काय? नलूताईंच्या बोर्डावर सावंतवाडीची कुणी मैत्रीण होती, तिच्याकडून त्यांना हे माहीत होतं. त्या पुढे आल्या, काकूंचा हात धरला आणि म्हणाल्या, गाऱ्हाणं पुरं झालं असेल तर जरा आत चला.

मी सासूबाईंबरोबर मागोमाग गेले. खोटं कशाला सांगू, मजा बघायला गेले. आत मधल्या खोलीत मिट्ट काळोख. बाहेरच्या उन्हातून आलेल्या काकूंना काही दिसेना, त्या चाचपडत खाटेपाशी थांबल्या. आणि काळोखातून माईंचा आवाज आला, "कोण आलंय? उजाडलं का गं?"

बाहेर अकरा वाजत आले होते. काकूंनी खाली बसून माईंचा पाय चाचपला, पायावरून हात फिरवला, आणि नलूताईंना म्हणाल्या, "आधी सांगूक काय झाला तुका?" मग स्वतःच्याच काखेतलं गाठोडं सोडून काळं फडकं दूर टाकलं, आरसा पदरानं पुसला आणि तो घेऊन तशाच उठून गेल्या. नारळ मात्र माईंच्या उशाशी ठेवून गेल्या. त्याचं नलूताईंनी दुसऱ्या दिवशी खोबरं किसून सगळ्यांना वाटलं.

तिथून पुढे तावडेकाकू आमच्या मधल्या एक्स्चेंज झाल्या. आरसा एकदा बांधला की संपलं असं नव्हतं. सूर्य पुढे सरकला की कवडसा खिडकीतून निसटून भिंतीवर जायचा, मग कुणीतरी आरसा बोटभर वळवायला हवा. काकू गॅलरीत बसून तांदूळ निवडायच्या, मासे साफ करायच्या, कुणाकुणाला खाली ओरडायच्या, आणि मधून मधून कोपरानं आरशाला ढोसायच्या. खालून नलूताई ओरडायच्या, "जरा डावीकडे. हां, मिळाली लाइन." कंपाउंडमध्ये भाजीवाला उभा असेल तर तो दचकून वर बघायचा.

ऊन वरून तिरपं यायचं ते स्वयंपाकघरातल्या फरशीवर पडायचं. तिथे नलूताईंनी एक दाढीचा लहान आरसा ठेवला, अण्णांचा जुना, की त्यावरून उडून ते मधल्या खोलीत जाईल. आणि गेलं की. थेट माईंच्या डोक्यावर, छतावर. पांढरा चौकोन, कडा कापल्यासारख्या. सगळी खोली उजळली. नलूताई श्वास रोखून बघत होत्या. माईंनी डोळे किलकिले केले आणि म्हणाल्या, "नले, बत्ती घालव गं."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. एवढं सगळं करून सकाळ आणली, आणि जिच्यासाठी आणली ती म्हणते बत्ती घालव. नलूताईंना रडताना मी तेव्हा बघितलं, एकदाच. ओट्याला पाठ टेकून, फरशीवर पाय पसरून बसल्या होत्या. म्हणाल्या, "कॉल लागलाय गं. पलीकडचं माणूस आवाज ओळखत नाहीये." दिवाळी तोंडावर आली होती.

मग आमच्याकडे पाणी जाणार असल्याची नोटीस लागली. नोटीस लागली की बायकांचं काय होतं ते उपनगरात राहणाऱ्यांना सांगायला नको. हंडे, कळशा, पातेली, तांबे, सगळं भरून ठेवलं. नलूताईंनी तर पितळी परातसुद्धा भरली, नुकतीच कल्हई केलेली, आणि जागा नाही म्हणून दाढीचा आरसा उचलून ती तिथेच फरशीवर ठेवली. मी एक हंडा मागायला खाली गेले होते. दहा वाजले, वर काकूंनी आरशाला ढोसलं, आणि ऊन पडलं ते परातीत.

छतावर काहीतरी हलायला लागलं. आधीपेक्षा फिकट, पण जिवंत. पाण्याच्या रेघा, एकमेकींत गुंतणाऱ्या, सुटणाऱ्या. खिडकीतून वारा आला की सगळ्या छतभर थरथर पसरायची. नलूताई पाठमोऱ्या होत्या, त्यांना कळलंच नाही. माईंनी डोळे उघडले, कितीतरी वेळ वर बघितलं, आणि मग त्यांचा आवाज आला. तो जुना आवाज, आम्हाला वर ऐकू यायचा तो.

"नले, उजाडलं गं. डोणीवर ऊन आलं."

माईंचं माहेर अलिबागकडे. विहिरीच्या काठाला दगडी डोण होती, गुरांच्या पाण्याची. सकाळचं ऊन त्या पाण्यात पडून ओटीच्या उतरत्या छपराच्या पाख्यावर नाचायचं, आणि ते नाचायला लागलं की यांची आई यांना उठवायची. हे नलूताईंनाही ठाऊक नव्हतं. माईंनी त्या दिवशी चहा पिता पिता सांगितलं. चहा पिऊन झाल्यावर विचारलं, वरची नवी सून आली का गं? कपाटवाली? मी तिथेच उभी होते. लग्नाला माझ्या दोन वर्षं उलटून गेली होती, पण कुठं काय बिघडलं. मी परत एकदा वाकून नमस्कार केला.

परात तिथून कधीच उचलली गेली नाही. पोळ्यांचं पीठ नलूताई पातेल्यात मळायला लागल्या. वारा नसला की जाता येता परातीच्या काठाला टिचकी मारायच्या, की छतावर थरथर सुरू. माई दिवसा जाग्या राहू लागल्या. रात्री झोपू लागल्या. आणि नलूताईही झोपू लागल्या. सासूबाईंनी तर कबूलच केलं, मेलीनं कपाट हलवलं ते बरंच केलं.

अण्णा आले ते दिवाळीच्या आदल्या दिवशी, सकाळी. बॅग दारातच ठेवली, सरळ खाटेपाशी जाऊन बसले. आणि नेमकं त्या दिवशी दहा वाजून गेले तरी परात कोरडीच, म्हणजे पाणी होतं, ऊन नव्हतं. माई अण्णांकडे बघत होत्या पण ओळख नव्हती डोळ्यांत. "उजाडलं नाही का अजून?" म्हणाल्या. अण्णांनी नलूताईंकडे बघितलं. नलूताईंनी आरसा, परात, तावडे, कशाचाच खुलासा केला नाही. नुसती पदराची कड बोटाला गुंडाळत राहिल्या. मी धावत कंपाउंडमध्ये गेले आणि वर हाक मारली. काकू चकल्या तळत होत्या. गडबडीत विसरल्या होत्या. तशाच आल्या, दोन्ही हात पिठानं बरबटलेले, आणि कपाळानं ढकलला आरसा, देवाशपथ, कपाळानं.

मी परत येईपर्यंत छत हलायला लागलं होतं. माई वर बघत होत्या. मग मान वळवून म्हणाल्या, "अण्णा, तू कधी आलास? चहा घेतलास का?"

अण्णांनी चष्मा काढून पुसला. मग परत पुसला. दिवाळी करून ते गेले तेव्हा बॅगेत माईंचं काही नव्हतं. जाताना तावड्यांचे तीन जिने चढून काकूंना भेटून आले, आणि चकल्यांचा डबा घेऊन उतरले.

त्यानंतर माई बरीच वर्षं राहिल्या. पावसाळ्यात नलूताई म्हणायच्या, लाइन डेड आहे, आणि माईंचा तोल जरा ढळायचा. नवरात्रात पुन्हा जागेवर यायचा. एका थंडीत, सकाळचा चहा झाल्यावर, त्या गेल्या. नलूताई त्यांच्या पायांशीच बसल्या होत्या. आम्ही खाली गेलो तेव्हा छतावर अजून हलत होतं. तावडेकाकूंना कुणी कळवलं नव्हतं ना.

कळल्यावरही काकूंनी आरसा काढला नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "हाताक सवय झाली गो. मगे काय करतलंय?" आणि नलूताईंनीही परात उचलली नाही. एक वरून पाठवत राहिली, एक खाली घेत राहिली. खाट रिकामी होती.

रिटायर झाल्यावर नलूताईंनी घर विकलं आणि अण्णांकडे नाशिकला जायचं ठरवलं. तिथे मोठी बाग आहे, चारी बाजूंनी खिडक्या आहेत, असं त्या सांगायच्या. सांगताना आवाज मात्र लाइनमध्ये खरखर असावी तसा यायचा. मी ऐकून घ्यायची. मला वाटायचं, जाऊ नका म्हणावं. म्हटलं नाही. म्हटलं असतं म्हणून काय थांबणार होत्या?

आज माझ्या नव्या घरात इतकं ऊन येतं की मुलं जाड पडदे लावतात. दुपारी बारा वाजता दिवे लावून बसतात, टीव्हीवर चमक येते म्हणून. मी पडदा सारला की सगळे ओरडतात. सारते तरी. समोर कुणाचीच गॅलरी नाही, कुणी कुणाला ओरडून डावीकडे-उजवीकडे सांगत नाही. ऊन आहे, भरपूर आहे, पण ते आपलं आपण येतं आणि जातं. मला नलूताई हव्याशा वाटतात. दारात चपला काढता काढता त्यांनी आधी पडद्याकडे बघावं, मग माझ्याकडे, आणि मला रागवावं, असं फार फार वाटतं.

त्या नाशिकला गेल्या त्या सकाळी टेम्पो दारात उभा होता. सामान चढलं होतं. मी त्यांची एक बरणी परत द्यायला खाली उतरले. पुढची खोली मोकळी, हाक मारली तर ओ नाही. मधल्या खोलीत डोकावले.

खाट गेली होती. खाटेच्या जागी फरशीवर, पाठीवर, हात पोटावर ठेवून नलूताई आडव्या पडल्या होत्या. अंगावर नवी साडी, टिकली वाकडी. स्वयंपाकघरात रिकाम्या फरशीवर एकटी परात, पाण्यानं भरलेली. घरातलं तेवढं एकच भांडं बांधायचं राहिलं होतं. छतावर ऊन स्थिर पडलं होतं.

मला बघून त्या उठल्या नाहीत. "मीना, जरा टिचकी मार ना परातीला," म्हणाल्या.

मी मारली. छत हललं. रेघा पसरल्या, गुंतल्या, सुटल्या. त्या बघत राहिल्या.

"असं दिसायचं होय तिला," म्हणाल्या. "इतकी वर्षं लाइन जोडली गं मी. ऑपरेटरनं ऐकायचं नसतं ना, म्हणून कधी इथं पडून बघितलंच नाही."

मी बरणी घेऊन तशीच दाराला टेकून उभी राहिले. बाहेर टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला. कवडसा हळूहळू परातीतून निसटला आणि छत विझलं. मला वाटलं, आता उठतील. त्या उठल्या नाहीत, छताकडेच बघत राहिल्या. तेवढ्यात छत पुन्हा उजळलं. वर तावडेकाकूंनी आरसा ढोसला होता.

टेम्पोचा हॉर्न परत वाजला. नलूताईंनी घड्याळाकडे बघितलं नाही.

"एवढा अजून एकदा सरकू दे," म्हणाल्या, "मग उठते."